दापचरीच्या चढावर

जे सांगणार आहे त्यातलं अर्धं आता घरात माहीत आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मित्राला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. सांगायला बसलो की पहिल्या अर्ध्यावरच गाडी अडते. आज तुम्हाला दोन्ही सांगतो. ओळीने जमेल असं वाटत नाही. तरी ऐका.

मी वरोरचा. घरची चिकूची वाडी आहे, पण पोट नोकरीवर — तारापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. पंप, मोटारी, कन्व्हेयर, जे बंद पडेल ते चालू करायचं. गावातही तीच ओळख. कुणाच्या विहिरीवरची मोटर बसली, कुणाचं मिक्सर जळलं, की ‘विनूभाऊला बोलवा.’ हे ऐकायला बरं वाटायचं. का नाही वाटणार? माणसाकडे एखादीच गोष्ट असते जिच्यावर तो उभा असतो. माझ्याकडे माझे हात होते.

आणि सुरेखाकडे — सुरेखा म्हणजे माझी बायको — तिच्याकडे चिकू होते. झाडाखाली पडलेले, व्यापारी घेत नाही असे बारके, एका बाजूने दबलेले. ती ते सोलायची, फोडी करायची, अंगणात जाळीखाली वाळवायची. आधी घरापुरतं, मग पाहुण्यांना, मग डहाणूच्या एका दुकानात. एकदा नातेवाइकांकडून परत येताना तलासरीला हायवेवर चहाला थांबलो, तर पिशवीतलं एक पाकीट तिने तिथल्या दुकानदाराला चाखायला दिलं. मी टायरची हवा बघत होतो. परत आलो तेव्हा तिने वीस पाकिटं कबूल केली होती.

मग तिने गाडी शिकायची म्हटलं. अडतिसाव्या वर्षी. २०१४ साली आम्ही एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती, तीन सिलेंडरची, लहानशी. मी ती रविवारी धुवायचो आणि सोमवारी झाकून ठेवायचो. सुरेखा चिंचणीला क्लासला जाऊन शिकली. लायसन घेऊन आली त्या दिवशी आईने तिची दृष्ट काढली. माझी आई, जिने आयुष्यात सायकलला हात लावला नव्हता, ती पुढच्या सीटवर बसून डहाणूपर्यंत गेली आणि येताना सगळ्या रस्त्यावरच्या ओळखीच्यांना हात करत आली.

तीन महिने सुरेखा आठवड्यातून दोनदा तलासरीला जायची. चारोटीवरून हायवेला लागायची, मागच्या सीटवर खोके. पाकिटांवर तिने स्वतःच्या अक्षरात नाव छापून घेतलं होतं — ‘सुरेखाचे चिकू’. एवढंच.

आता बोल्टचं सांगतो.

इंजिनच्या पुढच्या बाजूने तेल गळत होतं. ऑइल सील गेलं होतं. ते बदलायचं तर टायमिंग बेल्ट काढावा लागतो, आणि बेल्ट काढलाच आहे तर नवा टाकावा, म्हणून मी दोन्ही आणलं. तलासरीला सुरेखाच्या ओळखीचा लखमाभाऊ म्हणून मेकॅनिक होता. ती म्हणाली, त्याच्याकडे देऊ. मी हसलो. मी रोज ज्या मशिनी खोलतो त्यांच्यापुढे हे इंजिन म्हणजे खेळणं. दोन रविवार घेतले. सील बदललं, बेल्ट चढवला, तो ज्या दातेरी चाकांवर बसतो त्यांच्या खुणा जुळवल्या. त्या बेल्टला ताण देणारी एक छोटी पुली असते, तिचा बोल्ट मी बोटांनी फिरवून बसवला — पान्याने शेवटी आवळू म्हणून. आवळला नाही. का राहिला, ते सांगत नाही. कारण सांगितलं की ते पुढं उभं राहतं आणि माणूस त्याच्या मागं लपतो. राहिला. वर झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात चालू झाली. आई म्हणाली, वा. मी हात पुसले.

आठ-नऊ दिवस चालली. मग एका सकाळी मी ड्यूटीवर असताना सुरेखाचा फोन आला. दापचरीचा चढ चढून वर आली आणि गाडी बंद पडली, चालूच होत नाही. मी मोटरसायकलवर निघालो. पोचेपर्यंत दोन तास गेले. एप्रिलचं ऊन. ती रस्त्याच्या कडेला खोक्यांवर ओढणी टाकून उभी होती. पाकिटं तापू नयेत म्हणून स्वतःच्या डोक्यावरची ओढणी काढली होती. मला बघून तिचा चेहरा मोकळा झाला. आता हे आले, आता होईल — असा. तो चेहरा मला अजून दिसतो. आणि मी पहिलं काय बोललो?

“काय केलंस तू?”

मी सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पण नेहमीपेक्षा हलकं, भरभर, जसं आत काही अडवायलाच नाही. मधूनच कार्ब्युरेटरमधून फटकन आवाज. खरं सांगू? तो आवाज मी ओळखला. मेंटेनन्सच्या माणसाला आवाज कळतो. पण कळणं आणि मान्य करणं यात केवढी जागा असते — तिथं माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. मी राहिलो.

एका टेम्पोला दोर बांधून गाडी तलासरीला लखमाभाऊच्या गॅरेजवर नेली. पत्र्याची शेड, चिंचेखाली. चाळिशीतला, बारीक अंगाचा माणूस, जवळच्याच पाड्यावरचा. त्याने बॉनेटही उघडलं नाही. सुरेखाला म्हणाला, “ताई, मारा सेल्फ.” डोळे मिटून ऐकलं. मग माझ्याकडे वळला.

“शेट, बेल्टला कोणी हात लावलता?”

पाच मिनिटं. पाच मिनिटांत त्याने नेमकं तिथं बोट ठेवलं. आणि गंमत बघा — कारखान्यात नव्या पोरांना मी हेच शिकवत आलोय. चालती मशीन बंद पडली की आधी विचारा, शेवटचा हात कुणाचा लागला. तिथून सुरू करा.

मी म्हणालो, “बेल्ट नवा आहे. मी स्वतः टाकलाय. त्याचा प्रश्न नाही.” आणि मग, मला कुणी विचारलं नसताना, “ही चालवत होती. चढावर कशी ओढली कुणास ठाऊक.”

लखमाभाऊने सुरेखाकडे बघितलं. झाकण उघडून बघू का, एवढंच त्याने एकदा विचारलं. मी नको म्हटलं. गाडी टेम्पोत चढवून वरोरला आणली. पन्नासेक किलोमीटर सुरेखा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आली, मांडीवर एक खोका. दुकानदाराला माल द्यायचाही राहिला. मीच घाई केली होती.

त्यानंतर तीन आठवडे मी अंगणात गाडीखाली होतो. सगळं तपासलं. बॅटरी — ठीक. प्लग काढले, पेट्रोलने ओले. म्हणजे पेट्रोल येतंय. प्लग वायरला लावून बघितला, ठिणगी पडतेय. म्हणजे करंट आहे. तरी कॉइल बदलली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदललं. कार्ब्युरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला. पेट्रोलची टाकी उतरवली. टाकी! शेजारपाजारचे येऊन बघायचे, ‘विनूभाऊ किती मेहनत घेतो.’ सुरेखा फोडी वाळत घालताना मधूनच येऊन उभी राहायची. “मिळालं काही?” घाबरत विचारायची. जशी डॉक्टरला विचारावी. मी नाही म्हणून मान हलवायचो.

सगळीकडे शोधलं, जिथं माझा हात लागला होता तेवढी जागा सोडून.

शेवटी एका रविवारी दुपारी घरात सगळे निजले होते तेव्हा मी ते झाकण उघडलं. बेल्ट सैल. पुलीचा बोल्ट — मी दोन बोटांनी धरला आणि तो फिरला. पान्याची गरजही लागली नाही. बेल्ट चाकाच्या दातांवरून घसरून खुणा चुकल्या होत्या, म्हणजे इंजिनची वेळच बिघडली होती. नशीब, आत काही वाकलं-मोडलं नव्हतं. मी खुणा पुन्हा जुळवल्या, ताण दिला, बोल्ट आवळला. तासाभराचं काम. सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली.

आवाज ऐकून सुरेखा पळत बाहेर आली. झोपेतून. केस सुटलेले. “झाली? काय होतं हो?”

इथं थांबतो जरा.

एक वाक्य पुरलं असतं. ‘माझ्याकडून बोल्ट राहिला होता.’ ती हसली असती, मला माहीत आहे. वर्षभर मला चिडवलं असतं, आईला सांगितलं असतं, आणि मंगळवारी खोकी भरून तलासरीला गेली असती. त्याऐवजी मी म्हणालो, “बेल्टचे दात सरकले होते. चढावर वरच्या गिअरमध्ये ओढलं की इंजिनवर ताण येतो.”

बघा, यातला प्रत्येक शब्द खरा आहे. दात सरकले होते. ताण येतो. खोटं बोलायला खोटे शब्द लागतातच असं नाही.

“म्हणजे माझ्याकडून झालं?” तिने विचारलं.

“होतं नवीन माणसाकडून,” मी म्हणालो. समजुतीच्या सुरात. मोठ्या मनाने.

माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तिने किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लावली. नंतर एकदा मी म्हटलं, चालव की, कोण नको म्हणतंय? एकदाच म्हटलं. ती म्हणाली, नको, पुन्हा काही झालं तर तुमचे तीन आठवडे जातील. तलासरीचा दुकानदार दोन-तीनदा फोन करून थांबला. तिच्या फोडी डहाणूचा एक व्यापारी घेऊ लागला, त्याच्या पाकिटात, त्याच्या नावाने. ‘सुरेखाचे चिकू’ छापलेली उरलेली पाकिटं तिने कपाटाच्या खालच्या खणात अंथरली. मी रविवारी तिला गाडीतून फिरवून आणायचो. माझ्या वेळेने, मी म्हणेन तिथं. ती शेजारच्या सीटवर बसून चढ आला की गप्प व्हायची आणि माझ्या हाताकडे, गिअरकडे बघायची. मला वाटायचं, शिकतेय.

चार वर्षं गेली अशी.

२०१९च्या उन्हाळ्यात आमची मुलगी मृण्मयी अठराची झाली. मी म्हटलं, आता तू गाडी शिक. ती उडालीच आनंदाने. दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, “बाबा, राहू दे. मी स्कूटर शिकते.”

“का गं?”

“आई म्हणते आपल्या हाताला गाडी लागत नाही. तिने एकदा इंजिन घालवलं होतं ना? मलाही तसंच होईल. मला भीती वाटते.”

सुरेखा पानात भात वाढत होती. तिने वर बघितलं नाही. “मी नको नाही म्हटलं,” ती म्हणाली. “जप म्हटलं फक्त. माझ्यासारखं होऊ नये.”

 एकीला घरात बसवलं होतं ते मी चार वर्षं पचवलं. पण ते आता वारशाने पुढं निघालं होतं, आणि देणारी तिची आईच. मी तिथेच बोललो असं मला सांगायला आवडलं असतं. नाही बोललो. हात धुतले आणि वाडीत जाऊन चिकूंना पाणी सोडत बसलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. सुरेखा ओट्यावर फळं निवडत होती, मृण्मयी शेजारी. मी उभ्याउभ्या सांगितलं. बोल्ट आवळायचा मी विसरलो. मला सापडला तेव्हा लपवला. लखमाभाऊला तलासरीलाच कळलं होतं. चढाचा आणि तुझा काही संबंध नव्हता.

सुरेखाने हातातला चिकू खाली ठेवला.  मग तिने विचारलं, “कोणता बोल्ट?”

मी वर्णन करू लागलो.

“दाखवा.”

बॉनेट उघडलं. पुढचं सगळं काढून झाकण खोलायला मला तास लागला. ती तासभर तिथं उभी राहिली, उन्हात, बसायला दिलं तरी बसली नाही. झाकण निघालं. तिने वाकून बोट ठेवलं.

“हा?”

“हा.”

“एवढासा?”

मी मान हलवली.

“मी चार वर्षं तो चढ चढतेय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “झोपताना डोळे मिटले की चढतेय. तिसरा गिअर होता की चौथा? कधी वाटायचं चौथा असेल, म्हणून तर झालं. तिसराच होता हो. मला माहीत होतं, तिसराच होता.”

मृण्मयीने तिचा हात धरला. माझ्याकडे त्या दोघींपैकी कुणी बघितलं नाही.

आठ-दहा दिवस ती माझ्याशी जेवणापुरतं बोलली. त्यात मी तलासरीला जाऊन आलो. लखमाभाऊ त्याच चिंचेखाली एका जीपचं चाक काढत होता. मी सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही.

“आवाजच सांगत होता, शेट,” तो म्हणाला. “ताईंना सांगितलं का?”

“आधी तिलाच.”

“मग बरं. नायतर मी सांगायला पायजे होतं तवाच. तुमचं घरातलं म्हणून गप राहिलो. माझं पण चुकलंच.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण चूक आपली म्हणायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही, एवढं मी बघून आलो.

एका सकाळी सुरेखाने मृण्मयीला हाक मारली आणि खिळ्यावरची किल्ली काढली. मी चप्पल घालू लागलो तर म्हणाली, “तुम्ही नको.” चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू टणक होते, तिथं त्या दोघी रोज जायच्या. एक चालवायची, एक शेजारी. परत आल्या की गाडीच्या चाकांना वाळू आणि दोघींचे चेहरे लाल. महिन्याभराने सुरेखा चारोटीवरून हायवेला लागली. दुपारी तिचा फोन आला. मला नाही, आईला. आईने फोन ठेवून मला सांगितलं, “चढली ती. तिसऱ्यातच चढली म्हणाली.”

आता डहाणूच्या व्यापाऱ्याला ती माल देत नाही. पाकिटं नवी छापली, नाव तेच. मृण्मयी लायसन काढून आली. घरात हसणं परत आलंय, माझ्यासाठीही थोडं. पहिलं अर्धं एवढंच.

आता दुसरं.

तुम्हाला वाटलं असेल, मी इभ्रतीला घाबरलो. हातांचा अभिमान, गावातलं नाव. घरातही हेच समजतात. सुरेखा एकदा म्हणाली, “तुमचा मोठेपणा नडला.” मी हो म्हटलं. ते सोपं होतं.

पण त्या दुपारी ती केस सोडून पळत बाहेर आली, त्या दोन क्षणांत माझ्या मनात इभ्रत नव्हती. गाडी बंद पडायच्या थोडं आधीची गोष्ट. मी कारखान्याच्या कामाने तलासरीला गेलो होतो आणि त्या दुकानात चहा घेतला. दुकानदार म्हणाला, “तुम्ही सुरेखाताईंचे मिस्टर का?” कौतुकाने म्हणाला तो. त्याने मला चहा दिला तो तिच्या नावावर. मी हसलो, पण घोट कडू लागला. संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा ती कधीकधी आलेली नसायची. आली की तिच्या तोंडात कुठकुठल्या माणसांची नावं असायची, जी मला माहीत नव्हती. ती माझ्यापेक्षा लांब जाऊन येत होती.

इंजिन चालू झालं, ती धावत आली, आणि मला वाटलं — आता ही घरी राहील.

वाटलं आणि बरं वाटलं. त्या बरं वाटण्यातून ते वाक्य आलं. भीतीतून नाही. आणि चार वर्षं ती शेजारच्या सीटवर बसायची तेव्हा दर रविवारी मला ते बरं वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही वेगळ्याच नावाने सांगत होतो — काळजी म्हणून.

काल तिचा फोन आला. तलासरीहून. उंबरगावला एक नवा दुकानदार आहे, तशीच पुढं जाते, यायला संध्याकाळ होईल, म्हणाली. आवाजात वारा होता, काच खाली असणार. मी म्हटलं, जा, सावकाश ये. फोन ठेवला, आणि आत ते जुनं पुन्हा हललं. बारीकसं. पण हललं.

अजून आहे तर.

भात लावला, अंगणातल्या फोडी उलटवल्या, त्यांच्यावर जाळी ओढली. मग हे लिहायला बसलो. दिवस कलल्यावर गाडी दारात आली. ती उतरली, मागून रिकामी खोकी काढू लागली, आणि उंबरगावच्या माणसाचं नाव सांगू लागली. मी ते नीट ऐकलं. आज सकाळी तिला इथवरचं सगळं वाचायला दिलंय. ती ओट्यावर बसून वाचतेय. तिसऱ्या पानावर आहे, दुसरं अर्धं अजून पुढं आहे.